गोपिकाबाईचं वंगाळ बोलणं

आमच्या वाडीत कोंबडा एकदाच आरवतो. पुढचं काम गोपिकाबाई करते.

"उठली का गं उकिरडे? ऊन अंगावर आलं तरी काळतोंडी लोळून राह्यली! खायला काळ अन् भुईला भार! कोन्या जन्माचं पाप माझ्या पदरात पडलं गं माय!"

उकिरडी म्हणजे तिची एकुलती एक लेक, शालू. नववीला आहे. वाडी भोकरदनच्या रस्त्यापासून चांगली आत, पण गोपिकाबाईचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. तिथं बसची वाट बघणारी माणसं तो ऐकून म्हणतात, चला, शालूच्या शाळेची वेळ झाली. नवख्याला मात्र वाटावं, ही बाई सावत्र आहे आणि पोरीला विहिरीत लोटायला निघाली आहे. शालू लहान असताना पोलिओचा डोस द्यायला आलेल्या बाईनं तर शेजारच्या सोनूबाईला बाजूला घेऊन विचारलंच, "ही लेकराची सख्खी आई का हो?"

सोनूबाई म्हणाली, "सख्खी हाय म्हणून तर एवढी बोलती. सावत्र असती तर गप नसती का बसली?"

त्या बाईला काही उमगलं नाही. तुम्हालाही उमगलं नसेल, म्हणून सांगतो.

गोपिकाबाईचा नवरा मल्हारी. मेंढरं राखणं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आता जोडीला थोडं मका-कापसाचं रान. मेंढरांच्या घरचा एक कायदा असतो. आपल्या जित्राबाला आपल्या तोंडानं चांगलं म्हणायचं नाही. पाहुणा आला, कळप बघून म्हणाला, "झकास हायत मेंढरं," की धन्यानं लगेच तोंड वाकडं करून म्हणायचं, "कशाचं झकास वो, खरूजवाली हायत सगळी." पाहुण्यालाही ते ठाऊक असतं. तो मान डोलावून म्हणतो, "हां, बराबर, खरूज दिसतीच." मग दोघं समाधानानं चहा पितात.

हा कायदा गोपिकाबाईनं जन्मात एकदाच मोडला. पहिला मुलगा खंडू झाला तेव्हा. पोरगं कसं, गोरंगोमटं, दंडाला वळ्या. चंपाषष्ठीच्या जत्रेत ज्या बाईनं बघावं तिनं गालगुच्चा घ्यावा. तेव्हा गोपिकाबाई वयानं लहान होती, कौतुकानं तिचा जीव हरखला अन् ती चारचौघींत बोलून गेली, "हायच बाई माझा खंडू लोण्याचा गोळा." जत्रा उठायच्या आत पोरगं तापानं फणफणलं. जालन्याला दवाखान्यात नेलं. परत आणलं ते फडक्यात गुंडाळून.

डॉक्टरांनी आजाराचं काहीतरी नाव सांगितलं होतं. गोपिकाबाईनं ते ऐकलंच नाही. तिच्या मते आजाराचं नाव ठरलेलं होतं. जत्रेतल्या बायांची नजर लागली असती तर तिनं मिरच्या ओवाळून उतरवली असती. पण ही नजर तिची स्वतःची होती. आईचीच दृष्ट लागली तर ती कुणी काढायची? हे दुःख तिनं कुणाला बोलूनही दाखवलं नाही. आतल्या आत जळत राहिली बिचारी.

मग शालू झाली. नाळ पडल्या पडल्या गोपिकाबाईनं पोरीला उकिरड्यावर ठेवायला लावलं. सोनूबाईनं तिथून सुपात उचलून आणली अन् म्हणाली, "घे बाई, टाकून दिलेली पोर घावली, पसाभर जवारी दे अन् घे ठेवून." गोपिकाबाईनं पसाभर जवारी दिली. म्हणजे काय, तर मरणाला वाटावं की ही फुकटातली, कुणाच्या कामाची नसलेली पोर आहे, हिला नेऊन काय करायचं. तेव्हापासून त्या पोरीला घरात एक चांगला शब्द मिळाला नाही. ती पहिलं पाऊल टाकते तर गोपिकाबाई म्हणाली, "लंगडी निपजती वाटतं." तिला शाळेचा नवा झगा घातला तर म्हणाली, "बुजगावणं." अन् चौथीत पोरगी वर्गात पहिली आली तेव्हा तर कहर. गोपिकाबाई दारोदार हिंडून छाती पिटत सांगत होती, "लाज आणली वो माझ्या घराला!" बायाही शहाण्या. त्याही हळहळून म्हणाल्या, "अरारा! असं व्हायला नको होतं." त्या दिवशी पेढ्यांऐवजी वाडीभर कडुलिंबाचा पाला वाटला तिनं. लोकांनी तो गोड मानून दाराला लावला.

सगळ्या वाडीला याचा अर्थ ठाऊक होता. मल्हारीला ठाऊक होता. त्याला तर पोरीकडं बघून हसायचीही बंदी होती, तो मेंढरांत गेल्यावर हसायचा. एका शालूला ठाऊक नव्हता. तिला सांगणार कोण? "पोरी, तू गुणाची म्हणून माय तुला वंगाळ म्हणती," असं सांगितलं की झालंच ना गुणाची म्हणून! एवढ्या वर्षांच्या शिव्या पाण्यात गेल्या असत्या.

तर पोरगी मोठी झाली ती अशी. शाळेत शेवटच्या बाकावर, मान खाली. हजेरी घेताना नाव पुकारलं तर तिच्या "हजर"ची नुसती वाफ यायची. बाईंनी फळ्याकडं बोलावलं तर म्हणायची, "दुसऱ्या कुनाला सांगा बाई, माझ्या हातानं खडू मोडतो."

आता त्या शाळेत साहेबराव सर म्हणून कवायतीचे मास्तर. ते एका रविवारी मोटारसायकलवरून जात होते अन् मल्हारीचा सगळा कळप रस्त्यावर चढत होता. समोरून ट्रक. तेवढ्यात माळावरून एक आरोळी आली, "थांऽऽऽब!" मेंढरं थांबली. ट्रक थांबला. साहेबराव सरांची मोटारसायकल थांबली, अन् सर स्वतः खाली उतरून टाचा जुळवून उभे राहिले. का उभे राहिलो हे त्यांचं त्यांनाच कळेना. मान वळवून बघतात तर माळावर शालू.

सव्वीस जानेवारीला भोकरदनच्या मैदानावर तालुक्याचं संचलन असतं. यंदा त्या संचलनाला हुकूम द्यायचा मान सरांच्या शाळेला मिळाला होता अन् सर आवाज शोधत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शालूला गाठलं. शालू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "माझा आवाज फाटका हाय सर. मी वरडले की गाढवीण रेकती." सरांनी रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं. पोरगी काही तयार होईना.

त्याच सुमारास शाळेत एक कार्यक्रम झाला. संभाजीनगरहून सोमेश्वर सर म्हणून एकजण आले. वयात येणाऱ्या मुलांच्या मनातले वाईट विचार काढून तिथं आत्मविश्वास भरायचा, हे त्यांचं काम. इस्त्रीचा शर्ट, गालाला चिकटवलेला माइक अन् तोंडावर सदा हसू. माणूस मनाचा चांगला, उगाच नाव ठेवायला नको. पालकांनाही बोलावलं होतं. गोपिकाबाई मागं सतरंजीवर सोनूबाईला खेटून बसली.

सर म्हणाले, "मुलांनो, मनात वाईट विचार आला की त्याला म्हणायचं, थांब! मग त्याला धरून उलटा करायचा. मला जमत नाही, असं वाटलं की म्हणायचं, मला अजून जमत नाही, पण जमेल. चला, आता प्रत्येकानं उभं राहून स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगा."

एक पोरगा म्हणाला, मी लिंबावर सरसर चढतो. एक पोरगी म्हणाली, मी मागितलेला पेन परत देते. टाळ्या झाल्या. मग शालूची पाळी आली. ती उभी राहिली, ओठ नुसते हलले. "मोठ्यानं बाळा," सर म्हणाले, "इथं सगळे आपलेच आहेत." मग काय झालं देव जाणे. पोरीनं कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली अन् थेट आईच्या सुरात सुरुवात केली.

"माझ्यात कशाचं चांगलं वो सर? तोंड काळं, अक्कल गुडघ्यात. हात लावीन तिथं नासाडी. मी बघितलं तर दुधाला विरजन लागत न्हाई. मी घरात शिरले की मांजर निघून जाती. जन्मले तवाच उकिरड्यावर टाकल्ती, पसाभर जवारीला घेतली, ती जवारी बी वाया गेली. खायला काळ अन् भुईला भार."

सगळी शाळा खो खो हसली. पालक हसले. वाडीच्या बाया तर डोळे पुसपुसून हसल्या, कारण नक्कल हुबेहूब होती. सोमेश्वर सरांचं हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं. त्यांनी विचारलं, "हे तुला कोण म्हणतं, बाळा?"

"कोनी म्हणत न्हाई सर," शालू म्हणाली. "हायच मी तशी."

गोपिकाबाई हसली नाही. आजवर ती जे बोलली ते नजरेला ऐकवायला बोलली होती. मधे लेकरू बसलंय अन् त्यालाही कान आहेत, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढी वर्षं नजरेनं ऐकलं का नाही ठाऊक नाही, पोरीनं मात्र शब्द न् शब्द ऐकला होता.

कार्यक्रम संपल्यावर सोमेश्वर सर अन् साहेबराव सर दोघं तिच्यापाशी आले. सोमेश्वर सर म्हणाले, "ताई, रागावू नका, पण तुमची मुलगी फार हुशार..."

"हळू वो सर!" गोपिकाबाईनं चारी दिशांना बघून घेतलं. "हुशार म्हणू नका. खुळी हाय ती."

"हेच! हेच थांबवा, ताई. घरात रोज तिचं थोडं कौतुक करा. आज तिला वाटतं आपण कुचकामी आहोत. उद्या ते पक्कं झालं की कुणी काढू शकणार नाही."

साहेबराव सरांनी स्पष्टच सांगितलं. "बाई, मला हुकूम द्यायला दुसरी पोरगी घावंल. पन ही आत्ता उभी राह्यली न्हाई, तर जन्मभर मागच्या बाकावर बसंल. बघा तुमचं तुम्ही."

गोपिकाबाई घरी आली ती जीव मुठीत धरून. कौतुक करावं तर पोर जाईल. न करावं तर पोर असून नसल्यासारखी राहील. इकडं आड, तिकडं विहीर. पण बाई हिमतीची. तिनं ठरवलं, कौतुक करायचं, पण नजरेला पत्ता लागू द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी तिनं दार लावलं, खिडकीला पोतं लावलं, उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. तोंडावर पदर धरला अन् रिकाम्या हंड्यात तोंड घालून म्हणाली, "शालू बरी हाय." हंडा घुमला. गोपिकाबाईला वाटलं, आख्ख्या वाडीनं ऐकलं. तिनं पळत जाऊन मीठ, मोहऱ्या अन् लाल मिरच्या आणल्या, शालूवरून ओवाळल्या अन् चुलीत टाकल्या. दारं-खिडक्या बंद! असा ठसका उठला की शालू रडतखोकत एकीकडं, मांजर दुसरीकडं. धूर बघून सोनूबाई आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन धावली अन् तिनं ती ज्यानं दार उघडलं त्याच्यावर, म्हणजे मल्हारीवर ओतली.

हेच पुढं रोज चाललं. एका "बरी"ला मूठभर मिरच्या. "शहाणी" म्हणायची म्हणजे दोन मुठी. शालू सुजल्या डोळ्यांनी शाळेत जायची अन् साहेबराव सर विचारायचे, "घरी कौतुक सुरू झालं का गं?" ती म्हणायची, "काय माहीत सर, पन मिरच्या लई जळून राह्यल्या."

मिरच्या संपल्यावर गोपिकाबाईनं दुसरी तोड काढली. शालूकडं बघायचं पण बोलायचं मेंढीला. ढवळीच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणाली, "काय गुनाची वो माझी! किती कष्टाची! हिच्यासारखी तालुक्यात न्हाई." शालूला वाटलं, मेंढीसुद्धा आपल्यापेक्षा बरी. अन् सकाळी बघतात तर ढवळीचं पोट ढोलासारखं फुगलेलं. गोपिकाबाईनं कपाळावर हात मारला.

"बघितलं का?" ती मल्हारीला म्हणाली. "मेंढीला म्हणलं तर मेंढी फुगली. पोरीला म्हणलं असतं तर?"

"वला चारा खाल्ला तिनं," मल्हारी म्हणाला.

"तुमी गप बसा अन् तुमीच बोला!" गोपिकाबाई म्हणाली. म्हणजे कौतुकाचं काम त्याच्याकडं आलं. बापाची नजर तशी आईएवढी जालीम नसते, असा तिचा हिशोब.

मल्हारीनं जन्मात मेंढरांशिवाय कुणाचं कौतुक केलं नव्हतं, अन् तेही मनातल्या मनात. दोन दिवस तो बाभळीखाली बसून घोकत होता. मग शालू शाळेतून आली तेव्हा तिला आडवा आला. घसा खाकरला, टोपी काढली, घातली. "शाले," तो म्हणाला, "तुझी... म्हंजी तू... तुझी चप्पल झकास हाय."

अन् त्याच क्षणाला, खोटं सांगत नाही, शालूच्या चपलेचा अंगठा तुटला.

तिघंही त्या चपलेकडं बघत उभी राहिली. मल्हारी तर घाबरून मेंढरांत जाऊन बसला तो जेवायलाही आला नाही.

इकडं शालूचं डोकं वेगळंच चाललं होतं. काही दिवस तिनं हे सगळं बघितलं. आई पहाटे शिव्या देत नाही, ओठ चावून गप उठवते. बाप टोपी काढून बोलतो. एकदा तर आईनं भाकरीवर न मागता तुपाची धार सोडली. मेंढी कापायच्या आधी तिला असाच पाला चारतात, हे मेंढरांच्या घरातल्या पोरीला सांगावं लागत नाही. एका दुपारी आई कांदे निवडत होती, तिच्यापुढं शालू जाऊन बसली. चेहरा पांढरा पडलेला.

"आये, खरं सांग. डागदर काय म्हणले?"

"कोनता डागदर?"

"मला काय झालंय ते सांग. तुमी सगळे गोड बोलून राह्यले. मी मरनार हाय का?"

गोपिकाबाईच्या हातातला कांदा उडाला. "तुझ्या तोंडात शेन पडो!" ती ओरडली, अन् मग धरण फुटावं तसं इतक्या दिवसांचं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "काळतोंडे! दळभद्रे! मरन कशाला नेतंय तुला, त्याला काय दुसरं काम न्हाई का? उकिरड्यावरची तू! गाढवीन तू! कोनाच्या कामाची न्हाईस तू! ऐक रे देवा, कोनाच्या कामाची न्हाई ही!" अन् हे म्हणता म्हणता ती पोरीला छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागली.

शालूला काही कळेना. शिव्या ऐकाव्यात का रडणं ऐकावं? तेव्हा गोपिकाबाईनं तिला खंडूचं सांगितलं. जत्रा, दंडाच्या वळ्या, आपल्या तोंडून निघालेला तो एक शब्द. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. "माझीच नजर लागली गं त्याला," ती म्हणाली. "माझं कौतुक ईखारी हाय. म्हणून तुला वंगाळ म्हणत आले. तू राह्यावं म्हणून."

शालूनं घरंगळलेला कांदा उचलून ढिगात ठेवला. मग म्हणाली, "दादा तापानं गेल्ता, आये. ताप कोनाच्या बोलन्यानं येत न्हाई."

गोपिकाबाईनं डोळे पुसले. तिला हे पटलं नाही, अन् आजही पटलेलं नाही. पण असं कुणीतरी म्हटल्यानं तिचं काळीज हलकं झालं.

मग शालू हळूच म्हणाली, "म्हंजी तू मला गाढवीन म्हणती, ते मी गाढवीन हाय म्हणून न्हाई?"

गोपिकाबाई काय बोलणार? नाही म्हटलं तर कौतुक झालं. तिनं नुसती मान आडवी हलवली.

"अन् काळतोंडी?"

मान हलली.

"चौथीत पयली आल्ते तवा घराची लाज काढली म्हणली, ते?"

मान जोरात हलली.

"बाकीच्या पोरींच्या आया त्यांला एवढ्या शिव्या देत न्हाईत," शालू बोटं मोजल्यासारखी हिशोब करत म्हणाली. "वाडीत सगळ्यांत जास्त शिव्या कोनाला?"

"तुलाच की," गोपिकाबाई म्हणाली.

शालू आधी तोंडावर हात ठेवून हसली. मग हात काढून हसली. मग कांद्यांच्या ढिगात लोळून, पोट धरून हसली. सोमेश्वर सरांनी एकेक विचार उलटा करायला सांगितला होता. पोरीनं जन्मापासूनचा अख्खा ढीग एका दुपारी उलटा केला. गोपिकाबाई घाबरली, म्हणाली, "येडी झाली का गं काळे?" त्यावर ती आणखीच हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबराव सरांना सांगितलं, "मी देते हुकूम."

सव्वीस जानेवारीला अर्धी वाडी भोकरदनला लोटली. मैदानात पांढऱ्या कपड्यांतली शाळाशाळांची पोरं, पोलिसांची तुकडी, मांडवात खुर्च्यांवर साहेब लोक. दुसऱ्या ओळीत सोमेश्वर सरही होते, साहेबराव सरांनी मुद्दाम बोलावलेले. गोपिकाबाई दोरीला धरून उभी, शेजारी सोनूबाई, अन् मागं मल्हारी टोपी हातात घेऊन.

झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं, मंडळी सैल उभी राहिली. शालू ठाम पावलं टाकत मैदानाच्या मध्ये येऊन थांबली. आता हुकूम द्यायचा.

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

सगळं मैदान वाट बघत होतं. पोरांनी श्वास धरलेले. साहेबराव सर लांबून ओठ हलवून दाखवत होते. शालूनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी खुसखुसलं. तिची मान खाली जायला लागली, तीच शेवटच्या बाकावरची मान, अन् गोपिकाबाईला कळून चुकलं की ही मान आज पार खाली गेली तर पुन्हा वर यायची नाही. पोरीची नजर गर्दीत भिरभिरत काहीतरी शोधत होती.

गोपिकाबाईनं दोरी वर उचलली, खालून वाकून पुढं गेली अन् कमरेवर हात ठेवले.

"अगं ए उकिरडे!" असा आवाज निघाला की झेंड्याच्या काठीवरची कबुतरं उडाली. "वाचा बसली का गं काळतोंडे? कोनाच्या कामाची न्हाईस! खायला काळ अन् भुईला भार! बारा गावाची दळभद्री! वरड की गं गाढवीने!"

सगळ्या तालुक्याचा श्वास अडकला. मांडवातल्या साहेबांच्या हातातला कागद खाली पडला. पोलिसांनी एकमेकांकडं बघितलं. सोमेश्वर सर खुर्चीवरून ताडकन उठले अन् दोन्ही हात हलवत म्हणायला लागले, "नाही, नाही, ताई! सकारात्मक! सकारात्मक बोला!"

अन् मैदानाच्या मध्ये शालू हसत होती. दात दिसेपर्यंत. एवढ्या शिव्या तिला आजवर एका दमात मिळाल्या नव्हत्या. तिनं छाती भरून घेतली.

"परेऽऽऽड... सावधाऽऽऽन!"

काय सांगावं! तुकड्या तर सावधान झाल्याच. पण मांडवातले साहेब उभे राहिले, खुर्चीला गुडघा आपटला तरी हलले नाहीत. शेंगदाणेवाला पुडी हातात धरून ताठ. सोमेश्वर सर हात हवेत होते तसेच. कुंपणापलीकडं चरणाऱ्या शेळ्यांनी तोंडातला पाला चावायचा थांबवला. सगळं मैदान चिडीचूप. पोरीला त्या शांततेची इतकी गोडी लागली की ती "विश्राम" म्हणायचंच विसरली, अन् एवढी मोठी माणसं घाम गळेपर्यंत तशीच उभी होती. शेवटी साहेबराव सर पुढं होऊन पडलेल्या आवाजात म्हणाले, "बाळा, सोड आता लोकांला."

संचलन झोकात झालं. मल्हारी उघड्यावर, सगळ्यांसमोर हसला.

नंतर गर्दी पांगत होती तेव्हा इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई गोपिकाबाईला म्हणाल्या, "लेकराला चारचौघांत असं बोलतात का हो? आई आहात का कोण?" गोपिकाबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. चांगली आई म्हणून मिरवायची तिला हौस नव्हती. मैदानात झालं ते तिला पुरेसं होतं.

तेवढ्यात सोमेश्वर सर गर्दीतून वाट काढत आले. शालूही घसा धरून येत होती. सरांना साहेबराव सरांनी सगळा खुलासा केला असावा, कारण त्यांचे डोळे ओले होते अन् हसू या वेळी खरं होतं. त्यांनी गोपिकाबाईला हात जोडले.

"ताई," ते म्हणाले, "मी इतक्या गावांत फिरलो, पण तुमच्यासारखी आई बघितली नाही. धन्य आहात तुम्ही."

माहेरी नाही, सासरी नाही, असं गोपिकाबाईला कधी कुणी म्हणालंच नव्हतं. ती नुसती पदराशी चाळा करत उभी राहिली.

शालू मात्र झटकन मध्ये घुसली. आईला पाठीशी घातलं, कमरेवर हात ठेवला अन् बसक्या घशानं सरांना म्हणाली, "कशाची धन्य वो सर! निस्ती तोंडाळ हाय. भाकरी करपवती, मीठ इसरती. कवडीच्या कामाची न्हाई. हिला कोन नेतंय?"

सर चपापून मागं सरले. गोपिकाबाईनं पोरीच्या पाठीकडं बघितलं. आपल्यालाही नजर लागेल, असं आपल्यात काही आहे अन् ते जपायला कुणी आडवं उभं राहील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण हुंदका यायचा तो आलाच.

मग तिनं डोळे पुसले अन् म्हणाली, "चल गं काळे, बस जाईल."